राजुऱ्याचे टॅक्सवाले वकील साहेब: पीएफमध्ये जास्तीचा पैसा टाकत असाल तर एक चक्कर मारून या

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना तालुक्यातला, सिमेंट कारखान्यात नोकरीला आहो, सतरा वर्षं झाली. आमच्या पट्ट्यात अर्धी माणसं कारखान्यात, अर्धी वावरात अन् बरीचशी दोन्हीकडं. टॅक्सचं म्हणाल तर आमच्या लाईनमध्ये एकच पद्धत, जून-जुलैत फॉर्म सोळा, म्हणजे कंपनीनं दिलेला पगार अन् टॅक्सचा कागद, हातात आला का तो घेऊन बसस्टँडजवळच्या ऑनलाईन सेंटरवर जायचं, तीनशे रुपये द्यायचे, पोरगा दहा मिनिटात रिटर्न भरून देते, झालं काम. मी पण इतकी वर्षं तेच केलं अन् कधी काही अडचण आली नाही, म्हणून हे जे झालं ते मला सगळ्यांना सांगावंसं वाटते, अन् ज्यांनी ते निस्तरून दिलं त्या राजुऱ्याच्या वकील साहेबांबद्दल पण मनापासून लिहावंसं वाटते. त्यांचं नाव टाकत नाही, मी विचारलं तर ते म्हणाले नको भाऊ, आधीच सीझनमध्ये बसायला जागा नसते. राजुऱ्यात एका कृषी केंद्राच्या वरच्या माळ्यावर त्यांचं ऑफिस आहे, टॅक्सवाले वकील म्हणून विचारलं तर कोणीही सांगते.

झालं असं का २०२२ मध्ये घराचं बांधकाम आटोपलं अन् महिन्याला हातात थोडा पैसा राहू लागला. पोरगी तेव्हा आठवीत, म्हटलं तिच्या शिक्षणासाठी काहीतरी बाजूला टाकू. बँकेत एफडीला पाच-साडेपाच टक्के भेटत होते अन् पीएफला आठच्या वर, म्हणून एचआरमध्ये फॉर्म भरून दिला अन् एप्रिलपासून व्हीपीएफ चालू केला, म्हणजे १२ टक्के तर कापतेच, त्याच्यावर आपल्या मर्जीनं अजून. महिन्याला २० हजार. आमच्या सेक्शनमध्ये चार-पाच जणांनी असंच केलं होतं अन् सगळे म्हणत पीएफचं व्याज बिनटॅक्सचं असते, सरकारी पैसा आहे, डोळे मिटून टाका. अन् पहिले ते खरंच तसं होतं.

डिसेंबर २०२४ मध्ये मोबाईलवर इन्कम टॅक्सचा मेसेज आला, तुमच्या एआयएसमधलं उत्पन्न अन् रिटर्नमधलं उत्पन्न जुळत नाही, तपासून घ्या. मला तर एआयएस म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, ती आपल्या वर्षाच्या उत्पन्नाची इन्कम टॅक्सवाल्यांकडची यादी. रात्री झोप नाही लागली, बायको म्हणे तुम्ही कोणाचे पैसे तर बुडवले नाही ना, मग कायले घाबरता, पण नोकरीवाल्या माणसाला इन्कम टॅक्सचं नाव ऐकलं का पोटात गोळा येतेच. ऑनलाईन सेंटरवर गेलो तर पोरानं पाह्यलं अन् म्हणाला काका, फॉर्म सोळात जे होतं ते मी भरलं, बाकी मला माहीत नाही. त्या पोराचा पण दोष काढत नाही, त्याला तेवढंच शिकवलेलं. मग सेक्शनमधल्या एकानं राजुऱ्याचं नाव सांगितलं.

बुधवारी सुट्टी टाकली अन् एसटीनं गेलो. कापूस वेचणीचे दिवस, गाडीत बाया डबे घेऊन, जागा नाही. ऑफिसचा जिना लोखंडी अन् अरुंद, खालून खताचा अन् फवारणीच्या औषधाचा वास वर येते, आत एक मोठा टेबल, दोन कॉम्प्युटर, लाल कपड्यात बांधलेल्या फायली छतापर्यंत. एसी वगैरे काही नाही. साहेब साठीच्या आसपासचे. मी फॉर्म सोळा पुढं केला तर त्यांनी हातात पण घेतला नाही. म्हणाले, "पीएफचं पासबुक आणलं का?"

मी म्हटलं नाही आणलं, टॅक्ससाठी ते कायले लागते. ते म्हणाले, "मोबाईल काढा, यूएएन म्हणजे तुमचा पीएफचा नंबर टाका, इथंच पाहू." अन् त्या एका प्रश्नासाठी मी हे सगळं लिहून राह्यलो. सतरा वर्षांत रिटर्न भरताना मला एकाही माणसानं पीएफचं पासबुक मागितलं नव्हतं. पीएफचं व्याज काही कंपनी देत नाही, म्हणून ते फॉर्म सोळात येतच नाही, मग जो माणूस फॉर्म सोळा पाहून थांबते त्याला ते दिसणारच नाही, कितीही हुशार असो.

त्यांनी मग भिंतीवरच्या बियाणं कंपनीच्या कॅलेंडरचा जुना कागद फाडला अन् मागच्या कोऱ्या बाजूवर दोन कोठ्या काढल्या, आपल्या धान्याच्या कोठ्या असतात तशा. म्हणाले, १ एप्रिल २०२१ पासून कायदा बदलला. तुमच्या स्वतःच्या पगारातून पीएफमध्ये जाणारे वर्षाचे अडीच लाख या पहिल्या कोठीत, त्याच्या व्याजावर टॅक्स नाही. ३१ मार्च २०२१ पर्यंतचा जुना सगळा पैसा पण याच कोठीत, त्याला हात लागत नाही. अन् वर्षात अडीच लाखाच्या वर जे जाईल ते दुसऱ्या कोठीत सांडते, त्या कोठीच्या व्याजावर टॅक्स. नियमात हे दोन्ही हिशोब वेगळे ठेवायला सांगितलं आहे, तेव्हा नियम ९डी म्हणत त्याला. कंपनीचा हिस्सा या अडीच लाखात धरायचा नाही, फक्त आपला. अन् जिथं मालक काहीच टाकत नाही, जसं जुन्या सरकारी नोकरांचा जीपीएफ, तिथं ही मर्यादा पाच लाखाची.

मग माझ्या पगाराचा हिशोब मांडला. पगार तीन वर्षांत थोडाफार वाढला पण समजायला सोपं म्हणून त्यांनी सगळीकडं तोच धरला, मी पण तसाच सांगतो. बेसिक अन् डीए मिळून ६२ हजार, त्याचे १२ टक्के म्हणजे ७,४४०, वर व्हीपीएफचे २० हजार, झाले महिन्याचे २७,४४०. एप्रिलपासून मोजत मोजत डिसेंबरपर्यंत आले, २,४६,९६०. तिथं त्यांनी पेन थांबवला अन् म्हणाले, "पाहा भाऊ, डिसेंबरपर्यंत कोठी गच्च भरली, वर तीन हजाराची जागा राह्यली. जानेवारीत सांडाले लागली." जानेवारीचे २४,४००, फेब्रुवारी अन् मार्चचे पूर्ण, वर्षाचे ७९,२८० रुपये दुसऱ्या कोठीत. दर वर्षी.

मी विचारलं का मग त्या वर्षाच्या व्याजावर टॅक्स भरला का सुटलो ना. तिथंच खरी गोम आहे अन् ही गोष्ट आमच्या सेक्शनमध्ये कोणालेच माहीत नव्हती. सांडलेला पैसा परत पहिल्या कोठीत येत नाही. तो दुसऱ्या कोठीतच राहते, त्याच्यावर दर वर्षी व्याज, ते व्याज पण त्याच कोठीत, अन् पुढच्या वर्षी त्या सगळ्यावर टॅक्स. पहिल्या वर्षी, २०२२-२३ ला, पैसा शेवटच्या तीन महिन्यात सांडला म्हणून व्याज जेमतेम पाचशे रुपये. दुसऱ्या वर्षी सात हजाराच्या वर. तिसऱ्या वर्षी चौदा हजाराच्या वर. पाचशेचे सात हजार अन् सातचे चौदा, हे त्या कॅलेंडरच्या कागदावर एकाखाली एक लिहिलेलं पाह्यलं तेव्हा डोक्यात उजेड पडला. तो कागद मी घरी आणला, अजून कपाटात आहे.

मेसेज काहून आला ते पण मग समजलं. तेव्हा दुसऱ्या कोठीचं व्याज पाच हजाराच्या वर गेलं का पीएफवाले त्याच्यातून १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच टॅक्स, कापत, तेव्हाच्या कलम १९४ए मध्ये. माझे २०२३-२४ च्या व्याजावर ७११ रुपये कापलेले, ते माझ्या पॅनवर जमा, एआयएसमध्ये दिसून राह्यले, अन् माझ्या रिटर्नमध्ये ते व्याजच नाही. मग जुळणार कसं. साहेबांनी पोर्टलवर एआयएस अन् २६एएस (पॅनवर जमा झालेल्या टॅक्सची यादी) दोन्ही उघडून मला खुर्ची त्यांच्या बाजूला ओढायला लावली अन् ती ओळ बोटानं दाखवली. त्यांना घाई होती, बाहेर तीन माणसं बसली होती, तरी दाखवली.

आता काम काय केलं ते सांगतो, कारण नुसतं समजावणारे लय भेटते. २०२३-२४ चं रिटर्न रिवाईज केलं, त्याची तारीख ३१ डिसेंबर होती (नंतर सरकारनं ती १५ जानेवारीपर्यंत वाढवली, पण तेव्हा कोणाले माहीत). माझा जुन्या टॅक्स पद्धतीत २० टक्क्यांचा स्लॅब, सेस धरून २०.८. सात हजार शंभरच्या व्याजावर टॅक्स १,४७८, त्यातून कापलेले ७११ वजा, भरायचे राह्यले ७६७ रुपये. एवढ्या पैशासाठी मी दोन रात्री जागलो होतो. हे व्याज त्यांनी इतर उत्पन्नात टाकलं पण सेव्हिंग खात्याच्या व्याजात मिसळू दिलं नाही, पीएफच्या टॅक्सवाल्या व्याजाची वेगळी ओळ निवडली. त्यांच्याकडं बसणाऱ्या मुलीनं पहिले सेव्हिंगमध्येच टाकलं होतं, तर तिला समजावलं का बाई, तिथं टाकलं तर ८०टीटीएची दहा हजाराची सूट आपोआप लागते अन् ती या व्याजाला चालत नाही, पुन्हा नोटीस येईन. रागावले नाही, नीट समजावलं.

अन् मग २०२२-२३ चं काढलं. तिथं व्याज पाचशेच, टीडीएस कापलाच नाही, मेसेज पण आला नाही. मी म्हटलं साहेब ते राहू द्या, कोण पाहते. तर ते म्हणाले, "टीडीएस नाही कापला म्हणजे टॅक्स नाही असं थोडीच आहे. पाच हजाराची मर्यादा कापायची आहे, टॅक्स लागायची नाही." त्या वर्षाची रिवाईजची मुदत संपली होती म्हणून अपडेटेड रिटर्न भरलं, आयटीआर-यू, त्यात टॅक्सच्या वर २५ टक्के जास्तीचे भरावे लागले. १०८ रुपये टॅक्स, वर २५ टक्के, सगळे मिळून दीडशेच्या आत. या दुसऱ्या रिटर्नचे त्यांनी माझ्याकडून वेगळे पैसे घेतले नाही, दोन्हीचे मिळून ८०० रुपये घेतले. तीनशेवाल्यापेक्षा महाग वाटेल तुम्हाला, पण मी सांगतो ते आठशे रुपये मला जड नाही गेले.

त्यांनी अजून एक गोष्ट दाखवली जी मला कोणी सांगितली नव्हती. मी समजत होतो व्हीपीएफ जास्त टाकला का ८०सी मध्ये, म्हणजे बचतीवरच्या टॅक्सच्या सवलतीत, जास्त सूट. पण ८०सी दीड लाखावर थांबते, माझे पीएफचे ८९ हजार, एलआयसी अन् घराच्या कर्जाचं मुद्दल मिळून ते पहिलेच भरलेलं होतं. म्हणजे जास्तीच्या पैशावर ना टाकताना सूट, ना व्याजावर सूट. ८.२५ टक्के व्याज, त्यातून २०.८ टक्के टॅक्स गेला का हातात साडेसहा टक्के राहते, अन् जो ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आहे त्याला तर पावणेसहा पण नाही. त्यापेक्षा पीपीएफ ७.१ टक्के, व्याज पूर्ण बिनटॅक्सचं, पोस्टात खातं निघते. बायकोच्या नावानं वेगळं काढलं तर तिचे वर्षाचे दीड लाख वेगळे. पंधरा वर्षं अडकते हे खरं, ते पण त्यांनी लपवलं नाही. कमिशनचं काही विकलं नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण आमच्याकडं टॅक्सचं विचारायला गेलं का माणूस पॉलिसी घेऊनच बाहेर येते.

मला म्हणाले आजच एचआरला जा अन् व्हीपीएफ कमी करा, अजून जानेवारी लागला नाही, यावर्षीची कोठी सांडायची आहे, वाचवता येते. किती नेमकं सांगितलं पाहा. मी दुसऱ्या दिवशी गेलो, पण आमच्या कंपनीत व्हीपीएफ बदलायचा असेल तर फक्त एप्रिलमध्ये, मध्येच नाही. अर्ज ठेवून घेतला अन् एप्रिलपासून बदलला. त्यामुळं २०२४-२५ चे ७९ हजार पण सांडलेच. मार्च २०२५ अखेर दुसऱ्या कोठीत व्याजासकट दोन लाख साठ हजाराच्या आसपास जमा झाले अन् मी नव्यानं एक रुपया सांडला नाही तरी दर तोच धरून वर्षाला एकवीस हजाराचं टॅक्सवालं व्याज येतच राहीन. हे वाचून कोणी व्हीपीएफ चालू करून राह्यला असेल तर आधी कंपनीत विचारा का बदलायची खिडकी कधी उघडते.

एप्रिल २०२५ साठी किती ठेवायचा हे पण त्यांनीच काढून दिलं. अडीच लाख भागिले बारा, २०,८३३, त्यातून ७,४४० वजा, म्हणजे १३,३९३ पर्यंत जागा. मी म्हटलं मग १३ हजार टाकतो. ते नाही म्हणाले, साडेबारा टाका, कारण इन्क्रिमेंट लागलं, डीए वाढला, एरियर्स आले का १२ टक्क्यांची रक्कम आपोआप वाढते अन् शेवटच्या महिन्यात पुन्हा सांडते. झालंही तसंच, मध्ये डीए वाढला अन् माझी कपात वर गेली, पण जागा ठेवली होती म्हणून बसलं.

माझा भाचा अमेरिकेत आहे, त्याला फोनवर हे सांगितलं तर म्हणे मामा, माझं पण यंदा असंच झालं. तिकडं कंपनीच्या पेन्शन खात्याला ४०१के म्हणते, अन् २०२४ ला पन्नाशीच्या आतल्या माणसाला स्वतःच्या पगारातून २३ हजार डॉलरच्या वर टाकताच येत नव्हतं. यानं वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली, दोन्ही कंपन्यांनी आपापल्या हिशोबानं कापलं, एकीला दुसरीचं माहीत नाही, मिळून दोन हजार डॉलर वर गेले. तिकडं तो जास्तीचा पैसा त्याच्यावरच्या कमाईसकट खात्यातून परत मागावा लागते, अन् तेही १५ एप्रिलच्या आत, रिटर्नला मुदतवाढ घेतली तरी ही तारीख सरकत नाही. नाही काढला तर त्या पैशावर दोनदा टॅक्स, एकदा टाकला त्या वर्षीचा अन् दुसऱ्यांदा म्हातारपणी काढताना. त्यानं मार्चमध्येच अर्ज करून काढून घेतला. आपल्याकडं असं परत मागायची भानगड नाही, अडीच लाखाच्या वर टाकायला मनाई पण नाही, फक्त त्याचं व्याज दर वर्षी दाखवत राहायचं. मी हे वकील साहेबांना सांगितलं तर त्यांनी वहीत लिहून घेतलं, म्हणाले इथल्या दोन घरची पोरं तिकडं आहे, विचारतो त्यांना.

कमतरता पण सांगतो, नाहीतर म्हणाल ओळखीचा आहे. जुलै ते सप्टेंबर तिथं जाऊ नका, गेलात तर अर्धा दिवस गेला समजा. २०२५ ला मुदत वाढून शेवटी १६ सप्टेंबरपर्यंत गेली तरी शेवटच्या आठवड्यात जिन्यावर माणसं बसली होती. फोन उचलत नाही, फोन करून जायची गरज पण नाही, सकाळी दहाला गेलेलं बरं. उन्हाळ्यात दुपारी एक ते चार बंद, आमच्या चंद्रपूर जिल्ह्याच्या उन्हात ते समजू शकते. पावती मागितल्याशिवाय देत नाही, मागितली का लगेच देते. अन् व्हॉट्सअॅपवर कागद पाठवून काम होत नाही, समोर बसावं लागते, ज्यांची ड्युटी शिफ्टमध्ये आहे त्यांना हे जड जाते, मला पण गेलं. एवढं शिकलेल्या माणसानं हे तरी सुरू करावं असं मला वाटते, मी त्यांना सांगितलं पण आहे.

माझ्या मागोमाग आमच्या सेक्शनमधले तिघं जाऊन आले. एकाचं पॅन पीएफला जोडलेलंच नव्हतं, पॅनवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं म्हणून त्यानं तसंच ठेवलेलं, त्याचा टीडीएस १० च्या जागी २० टक्के कापला गेला अन् पॅनच जोडलेलं नसल्यानं २६एएसमध्ये त्याचा पत्ता नाही. पहिले पॅन दुरुस्त करा, मग जोडा, मग रिटर्न, असं त्याला क्रमानं सांगून दोन महिन्यांनी बोलावलं, अन् तोपर्यंत एक रुपया घेतला नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये मी दुसऱ्यांदा गेलो. आता पासबुक छापून नेलं होतं. चौदा हजार दोनशे चौतीसचं व्याज दाखवलं, १,४२३ चा टीडीएस वजा केला, राह्यलेले १,५३८ तिथंच मोबाईलवरून भरले, नंबर लागल्यावर वीस मिनिटात बाहेर. एआयएसची प्रिंट त्यांनी स्वतः काढून फाईलला लावली अन् म्हणाले पुढच्या वर्षी इन्क्रिमेंटचं पत्र हातात आलं का रिटर्नची वाट पाहू नका, मार्चमध्येच घेऊन या, एप्रिलच्या खिडकीच्या आधी व्हीपीएफचा आकडा नव्यानं काढू. म्हाताऱ्या माणसाला सोबत नेणार असाल तर जिना चढवू नका, खाली कृषी केंद्रात बसवा अन् वर निरोप द्या, ते कागद घेऊन स्वतः उतरून येते.